डमीवरच्या सिस्टर आणि डबल बाणाचा मेसेज

गेल्या आठवड्यात कराडहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, मी पाठवलेलं वाचलंत का? मग पोरीला नर्सिंगला घालायचं का नको?" भाचीची बीएस्सी नर्सिंगची सीईटी झाली आहे, कॉलेजं बघणं चालू आहे, आणि ऐन वेळी महिला मंडळाच्या ग्रुपवरून हे येऊन पडलं. संध्याकाळी तोच मजकूर वॉर्डातल्या मावशींनी दाखवला. रात्री आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवरही तोच, वर डबल बाणाची खूण. तिथल्या दोघींनी त्याला अंगठा दिलेला पाहिला आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

मजकूर थोडक्यात असा: नर्सिंगची डिग्री आता 'क्षमताधारित' केली आहे. मुली चार वर्षं बाहुल्यांवर शिकतात, पेशंटला हात लावत नाहीत. टिकमार्क झाला की पास. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी काढून टाकली. सगळं अमेरिकेतून उचललेलं, परदेशात नर्स पुरवण्यासाठी. म्हणून सलाईन लावायला 'सेमिस्टरवाली' सिस्टर आली तर नकार द्या आणि जुन्या सिस्टरला बोलवा.

मी स्वतः जुन्या वार्षिक पद्धतीची. वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता मुलींना वॉर्डात शिकवते. तेव्हा माझा स्वार्थ असलाच तर तो जुन्यांच्या बाजूनेच असायला हवा.

अ‍ॅनाटॉमीचं आधी उरकते, कारण ते निव्वळ खोटं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे आयएनसीचा, वार्षिकऐवजी सेमिस्टर पद्धतीचा सुधारित अभ्यासक्रम जुलै २०२१ मध्ये राजपत्रात आला. पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन, पुढे मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी. काय काढलं, ते मेसेजवाल्याने दाखवावं.

'पेशंटला हात लावत नाहीत.' त्याच नियमावलीत लिहिलं आहे की परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीची, १०० टक्के. आजारी पडलात तरी ते दिवस भरून द्यायचे. आठव्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. बाहुलीपाशी बसून हे तास भरत नाहीत, त्यासाठी ड्युटीच करावी लागते.

आणि समजा बाहुलीवर जास्त शिकवलं, तर काय बिघडतं? हा प्रश्न अमेरिकेतल्या नर्सिंग कौन्सिलांच्या राष्ट्रीय संघटनेने तपासून पाहिला, अहवाल २०१४ चा. दहा नर्सिंग कार्यक्रम, शेवटपर्यंत टिकलेले ६६६ विद्यार्थी. एका गटाचं सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवरचा किंवा रचलेल्या प्रसंगातला सराव, क्लिनिकल तासांच्या जास्तीत जास्त १० टक्के, दुसऱ्याचं २५, तिसऱ्याचं थेट ५०. शेवटी ज्ञान, वॉर्डातली कामगिरी, लायसन्सची परीक्षा, कशातच लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. नोकरीला लागल्यावर सहा महिने मागोवा घेतला, तरीही नाही.

पण हे सांगून मी गप्प बसले तर तो अप्रामाणिकपणा होईल. त्या कॉलेजांत सिम्युलेशन घेणारे शिक्षक त्यासाठी मुद्दाम तयार केलेले होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर मुलींबरोबर बसून काय चुकलं याची नीट चर्चा होत होती. आपल्याकडे? मी असं कॉलेज पाहिलं आहे जिथे मॅनिकिन, म्हणजे सरावाची बाहुली, प्लास्टिकच्या कव्हरातून फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर यायचं. त्याच ठिकाणी शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत अख्खी लॉगबुकं, म्हणजे मुलींनी केलेल्या कामांच्या नोंदवह्या, भरून सह्या झालेल्याही पाहिल्या. तेव्हा 'टिकमार्क केला की पास' हे काही ठिकाणी खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पण तो खोट्या सहीचा गुन्हा आहे. जुन्या पद्धतीत प्रॅक्टिकलची रेकॉर्डं आम्ही एकमेकींची बघून उतरवायचो, ते काय होतं?

बाकी टिकमार्क म्हणजे काय ते एकदा जवळून बघा. या परीक्षेला ऑस्की म्हणतात. टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर एक काम, ठरलेली मिनिटं, घंटा वाजली की पुढचं टेबल. परीक्षक बोलत नाही, यादी घेऊन बघत राहतो. गेल्या वर्षी एका टेबलावर मी औषध-ऑर्डरचा कागद आणि ट्रे ठेवला होता. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या अ‍ॅम्प्यूल, आणि त्यांच्यातच १० एमएलची एक पोटॅशियम क्लोराइडची, म्हणजे केसीएलची. दिसायला जवळजवळ सारखी. ती पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. तोंडी परीक्षेत 'केसीएल कसं द्याल?' विचारलं की प्रत्येक मुलगी पोपटासारखी सांगते, 'मॅडम, डायल्यूट करून, हळूहळू.' पैकीच्या पैकी मार्क. टेबलापाशी मात्र वर्गात पहिली येणाऱ्या मुलीने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला नेमकी तीच अ‍ॅम्प्यूल उचलली. लेबल वाचलं नाही. मानेची काच फोडली, सिरिंजमध्ये ओढली, आणि मग तिची नजर लेबलवर गेली. हात तिथेच थांबला. ती त्या टेबलावर नापास झाली. पुन्हा तयारी करून आली तेव्हा अ‍ॅम्प्यूल उचलताना, फोडताना आणि टाकून देताना असं तीनदा लेबल वाचत होती. आमच्या वेळी हिला पहिला नंबर देऊन वॉर्डात पाठवलं असतं आणि ही चूक पेशंटवर झाली असती. क्षमताधारित म्हणजे एवढंच. तुला माहीत आहे हे ठीक, आता करून दाखव.

'अमेरिकेतून उचललं' यात अर्धं सत्य आहे. आयएनसीने दहा मूळ क्षमतांची जी यादी घेतली तिचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा आहे आणि कागदावर तसं लिहिलेलंही आहे. पण ऑस्की स्कॉटलंडमधली, डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली. आणि परदेशी आहे म्हणून नको असेल तर थर्मामीटरही काढून ठेवा. मुली परदेशी जातात त्या इथल्या खाजगी दवाखान्यांतल्या पगारामुळे, अभ्यासक्रमामुळे नाही.

आता शेवटची ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. 'सेमिस्टरवाली आली तर नकार द्या.' कोण सेमिस्टरवाली, कोण वार्षिकवाली, हे काय कपाळावर लिहिलेलं असतं? युनिफॉर्म तोच, रजिस्ट्रेशन तेच. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात दोन सिस्टर असतात. त्यातल्या तरुण दिसणारीला हाकलून द्याल तेव्हा जुनी दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी सक्शन करत असेल. तुमच्या वडिलांचा डोस तेवढा वेळ लांबतो, तापलेल्या म्हाताऱ्याला ते परवडत नाही. शंका आली तर विचारा ना, हक्काने विचारा. 'सिस्टर, हे कुठलं औषध? कशासाठी?' नव्या मुलींना याचं उत्तर द्यायला शिकवलेलं असतं. जुन्यांपैकी काही जणी, मी धरून, एके काळी त्यावर डोळे वटारायच्या.

वहिनीला म्हटलं, मेसेज डिलीट कर आणि पोरीला घेऊन कॉलेजवर जा. फी विचारून झाली की तीन गोष्टी विचार. पोस्टिंगला कुठलं हॉस्पिटल आहे आणि तिथे रोज पेशंट किती असतात? वॉर्डात मुलींबरोबर शिक्षिका थांबते का? आणि स्किल लॅबची, म्हणजे बाहुल्यांवर सराव करायच्या खोलीची, किल्ली कुणाकडे असते?

"किल्ली?" वहिनी म्हणाली.

किल्लीच. प्राचार्यांच्या कपाटात असेल तर दुसरं कॉलेज बघ.