दीड तासाचं नागपूर

आज रजेचा अर्ज दिला. बाबांचं वर्षश्राद्ध आहे, तीन दिवस मागितले. साहेब म्हणाले, "विमानाने दीडच तास तर लागतो. सकाळी जा, रात्री परत या." तेव्हा गप्प बसलो. लोकलमध्ये चढल्यापासून मात्र डोकं तापलंय.

मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण ६९० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७. विमान हवेत असतं जेमतेम तासभर, बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि उतरल्यावर जागेवर लागण्यात जातो. पण हे सगळं सांताक्रूझ ते सोनेगाव, विमानतळ ते विमानतळ. मी राहतो बदलापूरला, घर आहे उमरेडला. ते कोण मोजणार?

मागच्या डिसेंबरात पहाटे ४ वाजता धाकट्याचा फोन आला, "दादा, बाबांना भरती केलं. तू ये लवकर." साडेचारला टॅक्सीत बसलो. जागा मिळाली ती आठच्या विमानात. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून सव्वासहालाच जाऊन बसलो होतो. बसून काय करणार? फोनकडे बघत राहिलो.

आठला दार लागलं आणि विमान उडालं ८:४० ला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. एवढ्या मोठ्या शहराला! ती चाळीस मिनिटं मी खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजत होतो. तिकडे बाबा धाकट्याला विचारत होते, "निघाला काय तो?"

हवेत गेल्यावर वैमानिकाने सांगितलं, वारा पाठीमागून आहे, प्रवास लवकर होईल. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा नागपूरकडे जाताना साथ देतो. लोक खूश झाले. मीही झालो.

पावणेदहाला उतरलो. तिथून उमरेड पन्नासेक किलोमीटर. दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा ११:२० झाले होते. बाबा १०:५० ला गेले.

विमान नसतं तर अंत्यविधीलाही पोचलो नसतो, हे मान्य. समृद्धीही आता पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर, आठ तासांत जाता येतं म्हणतात. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने जावं.

पण "दीड तास" म्हणू नका हो. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना तरी म्हणू नका. दर फोनला आम्ही मनात तेवढंच तर मोजत असतो.

साहेबांवरचा राग आता उतरलाय. त्यांचं गाव इथलंच, त्यांना कसं कळणार. रजा मात्र तीनच दिवसांची घेणार.

मघाशी आईचा फोन आला, "किती वाजता येशील रे?" विमान कितीचं ते सांगितलं नाही. दुपारच्या जेवणाला थांब म्हटलं.