अल्झायमर आणि दिवसाची पेंग

‘म्हातारपणी झोप अशीच व्हायची’ असे म्हणून आपल्याकडे ज्या तक्रारी निकालात काढल्या जातात, त्यांतल्या काही तरी डॉक्टरांच्या कानावर जायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अल्झायमर म्हटले की आपल्याला विसराळूपणाच आठवतो. प्रत्यक्षात या आजाराशी निगडित, मेंदूच्या पेशींमध्ये असणाऱ्या ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाचा बिघाड स्मरणशक्तीच्या केंद्रांपेक्षा पुष्कळ खाली, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात, फार लवकर दिसू लागतो. जर्मन संशोधक हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय वर्षे १ ते १०० या टप्प्यातील २,३३२ मेंदूंची मरणोत्तर तपासणी करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ‘लोकस सेरुलियस’ या निळसर पेशीपुंजात टाउचे अगदी सुरुवातीचे बदल काही जणांच्या बाबतीत तिशीच्याही आत आढळले होते. अर्थात, त्या प्रत्येकाला पुढे अल्झायमर झालाच असता असे नाही; तेवढ्यासाठी कोणी धास्ती घेऊ नये.

हा पुंज इवलासा असला तरी त्याच्या पेशींचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पोहोचतात आणि त्यांतून स्रवणारे नॉरअॅड्रेनलिन आपल्याला जागे व सावध ठेवते. झोप व मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन हे रसायन पुरवणारा शेजारचा डॉर्सल राफे हा पुंजही लवकर बाधित होतो.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मेंदूविकारांच्या संशोधक ली ग्रिनबर्ग यांच्या गटाचे २०१९ मधील संशोधन. अल्झायमरने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत लोकस सेरुलियसमधल्याच नव्हे, तर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागातल्या जागेपणा राखणाऱ्या पेशींचीही मोठी हानी झालेली त्यांना दिसली. टाउमुळेच होणाऱ्या, पण ज्यात रुग्णाला झोप फारच कमी लागते अशा दुसऱ्या एका आजारात मात्र याच पेशी बऱ्याच अंशी शाबूत होत्या. म्हणजे अल्झायमरच्या रुग्णाची दिवसाची पेंग ही केवळ रात्रीच्या जागरणाची भरपाई नसून, जागे ठेवणारी यंत्रणाच ढासळत चालल्याची खूण असू शकते.

आमच्या नात्यातल्या एक काकू सकाळी दहालाच वर्तमानपत्र मांडीवर घेऊन डुलक्या घेत आणि रात्री दोनला दाराची कडी काढून दूधवाल्याची वाट पाहत उभ्या राहत. घरचे त्यांना ‘दिवसा झोपता, म्हणून रात्री जागता’ असे सुनावत असत. त्या बिचाऱ्या ओशाळून गप्प बसत. पुढे झोपेची गोळी सुरू झाली आणि त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. अशा गोळ्यांपैकी अनेकींनी वृद्धांमध्ये पडण्याचा आणि गोंधळ वाढण्याचा धोका असतो, हे तेव्हा कोणी समजावून सांगितले नव्हते.

झोप बिघडली की आजार बळावतो की आजाराने झोप बिघडते, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही खरे असण्याची शक्यता अधिक. शिवाय घोरणे व श्वास अडखळणे, नैराश्य, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, चालू असलेली औषधे, अशी दुसरी आणि बरीचशी आटोक्यात येणारी कारणेही असतातच. म्हणूनच अंदाज बांधत बसण्यापेक्षा घरच्यांनी पंधरा दिवस एका वहीत डुलक्यांच्या व रात्री उठण्याच्या वेळा लिहाव्यात आणि गोळी मागण्याआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. डॉक्टरांनीही विसरण्याबद्दल चार प्रश्न विचारताना ‘दिवसा किती झोपतात?’ हा पाचवा प्रश्न विचारावा.