लाल की पांढरी?

आमच्या घरात द्राक्षाची जात ओळखता न येणं म्हणजे नाचक्की. नाना मणी बोटांत फिरवतात आणि सांगतात, ही थॉम्सन, ही सोनाका. सोनाका ही जात दिली सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी, तास-ए-गणेश आली तासगावकडून, हे आमच्या पोरांनाही पाठ आहे. आणि याच घरात वाईनची बाटली आली की प्रश्न एकच, लाल की पांढरी? फार तर कुणीतरी जाणकाराच्या थाटात लाल वाईनच्या एका द्राक्षाचं नाव घेतो, 'कॅबर्ने आहे का?' अख्ख्या नाशकात हीच गत. अहो, भाजीवाल्याकडे आपण 'हिरवी भाजी द्या' असं म्हणतो का?

खरड छाटणी (बागेची एप्रिलातली छाटणी) आटोपली त्या शनिवारी मी चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या मधोमध ठेवल्या. आईनं काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं, झणझणीत. बायकोचं माहेर जळगावकडचं, त्यामुळे भरीत आणि कळण्याची भाकरी. (वांगी संपत आलीत, तरी तिनं कुठून तरी मिळवलीच.) ग्लास दोनच निघाले, बाकीच्यांना स्टीलचे पेले.

पहिली मुद्दाम कॅबर्ने. रश्शाच्या घासावर घोट घेतला आणि तोंडाची आग आग! द्राक्षाच्या सालीतला नि बियांतला तुरटपणा, कच्च्या सुपारीसारखा, त्यात अल्कोहोल. दोन्ही मिळून तिखटाला पेटवतात. आईनं सरळ ताकाचं भांडं ओढलं.

दुसरी व्हिऑन्ये, पांढरी. नाना वास घेऊन म्हणाले, "यात अत्तर टाकलंय का रे?" काही टाकलेलं नाही, जर्दाळूसारखा हा वास त्या द्राक्षाचाच. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या रोन खोऱ्यात ही जात जवळपास संपली होती, थोडक्या एकरांवर तग धरून राहिली. मटणापुढे तिचं काही चाललं नाही. पण भरताचा धुरकट वास आणि वरची शेंगदाणा तेलाची फोडणी यांच्याशी तिचं असं जमलं की बायकोनं पेला पुन्हा पुढे केला.

तिसरी टेम्प्रानिओ, लाल, मूळची स्पेनची. कुणालाच आवडली नाही. "सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय," इति बायको. दोष द्राक्षाचा की वाईन मुरवतात त्या लाकडी पिंपाचा, देव जाणे.

चौथी सांजोवेझे. इटलीत टस्कनीची, किआंती या तिथल्या प्रसिद्ध लाल वाईनचं मुख्य द्राक्ष हेच. आपल्याकडे थेट अकलूजला, उसाच्या मुलखात पिकतं. मी ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती. लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात, पण ती रूम युरोपातली, एप्रिलमधली नाशकातली नव्हे! आमसुलासारखा आंबटपणा, तुरटपणा बेताचा. मटणाची चरबी प्रत्येक घोटाला धुऊन निघत होती. आईसुद्धा म्हणाली, "ही बरी आहे."

नाना मात्र चवीपेक्षा बागेत अडकले. वाईनच्या द्राक्षांची छाटणी कशी? आपल्यासारखीच, एप्रिलात खरड, ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी. मणी केवढा? बारीक, जाड सालीचा, बियांचा. मग जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड) देत नाहीत? म्हटलं नाही, रंग आणि चव सालीत असते, मणी फुगवला की रस वाढतो आणि चव पातळ होते. नाना गप्पच झाले. चाळीस वर्षं या माणसानं मणी फुगवण्यात घालवली आहेत. मग म्हणाले, "म्हणजे आपण जे फेकून दिलं असतं, ते हे पिळतात."

माझं म्हणणं एवढंच आहे की महागड्या हॉटेलात पनीर टिक्क्याबरोबर कॅबर्ने मागवून 'वाईन आपल्या जेवणाला चालत नाही' असं ठरवू नका. जातीचं नाव विचारा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

नानांनी शेवटी कागद सोडून नाव अक्षर-अक्षर लावून वाचलं, "सां-जो-वे-झे." ती बाटली रिकामी झाली. कॅबर्ने अजून अर्धी आहे, कुणाला हवी असेल तर सांगा.