त्रास नाही म्हणजे झडप ठीक, असं नाही

सारसबागेत फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय : ‘दम लागत नसेल तर हृदयाच्या झडपेला हात लावू देऊ नका.’ हे अर्धवट आहे. महाधमनीची झडप खूपच अरुंद झालेल्या, पण त्रास नसलेल्या ९०१ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. झडप लगेच न बदलता वाट पाहणाऱ्या गटातल्या सुमारे ८७ टक्के रुग्णांची झडप पुढे बदलावीच लागली. लवकर बदलल्याने मृत्यू फारसे घटले नाहीत, हेही खरं. अचानक दवाखान्यात दाखल होणं मात्र बरंच कमी झालं.

आणि ‘त्रास नाही’ हे नक्की का? पर्वती एका दमात चढणारे काका हल्ली मध्येच टेकतात नि वयाला दोष देतात. त्यांनी हृदयविकारतज्ज्ञाला हे सांगायलाच हवं. झडप इतकी अरुंद असेल तर दर सहा महिने ते वर्षाने इकोही (हृदयाची सोनोग्राफी) हवाच.