अधिकारांची वाटणी पणजीतच अडते

रविवारच्या ग्रामसभेत गटाराचा विषय निघाला की सरपंच सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) बोट दाखवतात, साबांखाचे अभियंते पंचायतीकडे, आणि पहिल्याच पावसात गटार थेट आमच्या अंगणात येते. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नोंदवले. त्यांत रस्ते, साकव, पूल, एवढेच काय, फेरीबोटीही आहेत. (फेरीबोट चालवणारी पंचायत गोव्यात कुणी पाहिली असल्यास जरूर कळवावे!) मेख अशी की स्थानिक शासन हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे या २९ पैकी नेमके काय खाली सोडायचे, हे घटनेने राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवले आहे, आणि ती मर्जी सहसा पणजीच्या वेशीबाहेर पडत नाही. संताप येतो तो याचा, की म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या प्रश्नावर केंद्र आपले ऐकत नाही म्हणून संघराज्याच्या नावाने गळा काढणारे हेच लोकप्रतिनिधी गावाला साध्या गटाराचा निधी स्वतःच्या हाताने खर्चू देत नाहीत. ग्रामसभेचा ठराव मात्र दरवेळी एकमताने मंजूर होतो, त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे रवाना होते आणि पुढे ती कुठे मुरते, देव जाणे.