ठाणेदारांना ‘गोऱ्यांनी पाडलं’? निकालाचा तक्ता तरी उघडा

दादाने परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा: ‘बेळगावच्या मराठी माणसाला गोऱ्या अमेरिकेने कसं पाडलं’. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा’. असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवते. पण या वेळी दादाने खाली स्वतःची ओळ जोडली होती: ‘म्हणून सांगतो, तिकडे निवडणुकीच्या भानगडीत पडू नये.’ ही ओळ माझ्या भाचीसाठी होती. ती मिशिगनमध्ये राहते आणि तिथल्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहावं का, याचा विचार करते आहे. तिने मला वेगळा मेसेज केला, ‘आत्या, हे खरं आहे का?’

नाही गं बाई. आणि जे थोडंफार खरं आहे, त्याचा अर्थ मेसेज लिहिणाऱ्याला कळलेला नाही.

प्रकरण २०१८ चं आहे. बेळगावातून तिकडे गेलेले उद्योजक श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच) मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, उभे होते आणि हरले. मेसेजचं म्हणणं असं: रंग आणि उच्चार पाहून लोकांनी मतं दिली नाहीत, पक्षाच्या बड्यांनी त्यांचं तिकीट कापलं, डाव्या मतांची फाटाफूट केली गेली, पेपरवाल्यांनी जुनी प्रकरणं उकरून बदनामी केली, आणि आपल्याच लोकांनी खेकड्यासारखे पाय ओढले. एवढं सगळं, आणि ठाणेदारांच्या प्रचारात काय चुकलं याबद्दल एक अक्षर नाही.

मिशिगन राज्याने जाहीर केलेला अधिकृत निकाल कोणालाही बघता येतो. ७ ऑगस्ट २०१८. ग्रेचेन व्हिटमर ५,८८,४३६ मतं, म्हणजे ५२ टक्के. अब्दुल एल-सय्यद ३,४२,१७९, म्हणजे ३० टक्के. श्री ठाणेदार २,००,६४५, म्हणजे १८ टक्क्यांच्या जरा खाली. या तीन आकड्यांपुढे मेसेजमधलं बरंचसं टिकत नाही.

आधी रंगाचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं ते बघा. अब्दुल एल-सय्यद. इजिप्तमधून आलेल्या कुटुंबातला, गहूवर्णी, मुसलमान, नावातच अब्दुल. याआधी एकही निवडणूक न लढलेला, तिशीतला डॉक्टर. डेट्रॉइट शहराच्या आरोग्य खात्याचा प्रमुख म्हणून काम केलेला. रिपब्लिकन पक्षाचे राज्य सिनेटर पॅट्रिक कोलबेक यांनी त्याचा संबंध थेट मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेशी जोडला होता. म्हणजे द्वेष नव्हता असं मी मुळीच म्हणत नाही. होता, आणि उघड होता. पण तो ज्याच्या वाट्याला जास्त आला, त्याला ठाणेदारांपेक्षा जवळजवळ दीड लाख मतं जास्त पडली. मतदार रंग बघून शिक्का मारत होते तर हे कसं झालं? मेसेजमध्ये एल-सय्यदचं नावच नाही. ते घातलं असतं तर मेसेजच उभा राहिला नसता.

आणि डेट्रॉइट? बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या त्या शहरात पहिल्या क्रमांकाची मतं ठाणेदारांनाच मिळाली होती. राज्यातल्या ८३ च्या ८३ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) व्हिटमरनी जिंकल्या, पण शहर म्हणून डेट्रॉइट ठाणेदारांचं. त्यांच्या उच्चाराचं तिथे कोणाला वावडं नव्हतं. उलट नावाच्या अडचणीचाच त्यांनी प्रचार केला. लोक त्यांचं नाव उच्चारताना अडखळतात अशी गमतीदार जाहिरात त्यांनी सुपर बोलच्या दिवशी, म्हणजे अमेरिकेत टीव्हीसमोर सर्वांत जास्त गर्दी असते त्या दिवशी, दाखवली. जाहिरात चांगलीच होती. वसंतात काही मतचाचण्यांत ते व्हिटमर यांच्या बरोबरीला आले, मध्येच पुढेही गेले. मग ऑगस्टमध्ये तिसरा क्रमांक का? मेसेजने हा प्रश्न विचारायला हवा होता.

माझं उत्तर साधं आहे. टीव्हीने त्यांचं नाव घरोघर पोहोचवलं, पण त्या घरांची दारं ठोठावायला त्यांच्याकडे पुरेशी माणसं नव्हती. स्वतःच्या खिशातले एक कोटीहून जास्त डॉलर त्यांनी या प्रचारात घातले. मिळालेल्या मतांनी भागलं तर मतामागे सुमारे ५० डॉलर पडतात. मेसेजवाला हाच आकडा ‘त्यागा’चा पुरावा म्हणून देतो! आपल्याकडे साध्या नगरपालिकेच्या निवडणुकीत राबलेला कार्यकर्तासुद्धा सांगेल की फ्लेक्स लावले म्हणजे बूथ सांभाळला जात नाही. व्हिटमर यांच्यामागे वाहन कामगारांची युनियन होती, शिक्षकांची युनियन होती, डेट्रॉइटचे महापौर माइक डग्गन होते. एल-सय्यदमागे कॉलेजची पोरं होती, डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा होता, आणि शेवटच्या टप्प्यात त्याच विचारांची तरुण नेता अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ त्याच्यासाठी सभा घेत फिरत होती. ठाणेदारांमागे मुख्यतः ठाणेदारांचं चेकबुक होतं. चाचणीत फोनवर ‘हो, नाव ऐकलंय’ म्हणणारा माणूस ऑगस्टच्या मंगळवारी कामावरून सुटून मतदान केंद्रावर जाईलच असं नाही. त्याला आठवण करून द्यायला कोणीतरी लागतं.

दुसरी चूक राजकीय जागा निवडण्याची. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, तासाला १५ डॉलर किमान वेतन, हा कार्यक्रम घेऊन ते जून २०१७ मध्ये उतरले. २०१६ च्या प्रायमरीत सँडर्सनी मिशिगनमध्ये हिलरी क्लिंटनना हरवलं होतं, त्यामुळे ही मतं आहेत हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण एल-सय्यद त्याच जागेवर चार महिने आधी येऊन बसला होता, आणि त्याच्या बोलण्यावर त्या लोकांचा विश्वास होता. ठाणेदारांवर तो बसेना. २०१८ च्या सुरुवातीलाच ‘द इंटरसेप्ट’ या बातम्यांच्या वेबसाइटने छापलं की, उमेदवारीची चाचपणी करताना त्यांनी रिपब्लिकन म्हणून उभं राहण्याचाही विचार बोलून दाखवला होता, असं काही सल्लागार सांगतात. ठाणेदारांनी ते नाकारलं. खरं खोटं ते जाणोत. पण २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना दिलेली देणगी नोंदीत होती. ‘सगळ्यात पुरोगामी मीच’ म्हणून मत मागणाऱ्याने याचं उत्तर पहिल्या दिवशी खिशात ठेवायचं असतं, बातमी आल्यावर शोधायचं नसतं.

बदनामीच्या मुद्द्याचंही तेच. त्यांच्या कंपनीची न्यू जर्सीतली प्रयोगशाळा २०१० मध्ये बंद पडली तेव्हा बीगल जातीचे कुत्रे आणि माकडं आत राहिली होती, ही गोष्ट प्रचारात पुन्हा वर आली. ताबा बँकेकडे गेला होता, माझ्या हातात काही नव्हतं, असं ठाणेदारांचं म्हणणं. असेलही. पण ही गोष्ट पेपरवाल्यांनी रचलेली नव्हती, आणि गव्हर्नर व्हायला निघालेल्याची जुनी कागदपत्रं उघडली जाणार हे शाळकरी पोरालाही कळतं.

आता ‘तिकीट कापलं’. हे वाचून मी कपाळावर हात मारला. दादा, तिकडे मुंबई-दिल्लीच्या बंगल्याबाहेर रांग लावून एबी फॉर्म घ्यायचा नसतो! प्रायमरी म्हणजे सरकारी यंत्रणेने घेतलेलं खुलं मतदान. मिशिगनमध्ये तर मतदाराने कोणत्या पक्षाचा म्हणून नोंदणीही करायची नसते. आत जायचं, कोणत्याही एका पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या, बाहेर यायचं. ठाणेदारांचं नाव मतपत्रिकेवर होतं. सव्वाअकरा लाखांवर लोकांनी मतं दिली. यात कापणारा कोण?

एक मात्र मान्य करावं लागेल, आणि ते करताना मला काही आनंद होत नाही. पक्षातली वजनदार मंडळी व्हिटमर यांच्याच बाजूला झुकलेली होती. चौदा वर्षं विधिमंडळात काढलेली बाई, वडील ब्लू क्रॉस या बड्या आरोग्य विमा कंपनीचे राज्यातले माजी प्रमुख. एका बाहेरच्या गटाने तिच्यासाठी जाहिराती चालवल्या, त्यावरूनही वाद झाला. मैदान सपाट नव्हतं. पण ते ठाणेदार उतरायच्या आधीपासून तसंच होतं, आणि त्या चढावर टीव्हीचा मारा हा एकच उपाय नव्हता.

मतांची फाटाफूट? बेरीज करा. एल-सय्यद आणि ठाणेदार मिळून ५,४२,८२४. व्हिटमर एकट्या ५,८८,४३६. झालं.

खेकड्यांवर जास्त लिहीत नाही. राज्यातली मराठी घरं एकगठ्ठा ठाणेदारांच्या बाजूने किंवा विरोधात गेली असती तरी पावणेचार लाखांहून जास्त मतांचं अंतर हललं नसतं. कोणीही हरला की दोष आपल्याच माणसांवर टाकायची ही सवय मला आता किळसवाणी वाटू लागली आहे. बेळगावातून निघालेल्या या माणसाचं मराठी आत्मचरित्र आपल्या लोकांनीच डोक्यावर घेतलं होतं, हेही मेसेजवाला विसरला.

आणि सगळ्यात मोठी गंमत त्याने लिहिलेलीच नाही. ठाणेदार २०१८ नंतर घरी बसले नाहीत. जिथे मतं मिळाली होती त्या डेट्रॉइटमध्ये राहायला गेले. २०२० मध्ये तिथूनच राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. २०२२ मध्ये तेराव्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले, २०२४ मध्ये पुन्हा. ‘अमेरिकेने नाकारलेला मराठी माणूस’ तो हाच! पैसा २०२२ मध्येही स्वतःचाच आणि भरपूर होता, ती सवय सुटली नाही. पण या वेळी अख्खं राज्य नव्हतं, ओळखीचं शहर होतं. शिवाय प्रायमरीत नऊ उमेदवार होते, आणि त्या गर्दीत २८ टक्के मतं जिंकायला पुरली. तेवढेच टक्के २०१८ च्या तिरंगी लढतीत मिळाले असते, तरी जिंकायला ते पुरले नसते.