उंटावरून शेळ्या? अमिरातीच्या फौजेवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

संयुक्त अरब अमिरातीबद्दल (यूएई) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: ‘अमिरातीचं लष्कर म्हणजे बडा घर पोकळ वासा. आयुष्यात एक लढाई नाही. अमेरिका देईल ती खेळणी शोकेसमध्ये मांडायची. सैनिक भाड्याचे आणि शेख उंटावरून शेळ्या हाकणार.’ खाली राफेल विमानाचा फोटो. वाचायला मजा येते, पण यातलं एकच वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे.

‘एक लढाई नाही.’ हे तर साफ खोटं. २०११ मध्ये लिबियाच्या मोहिमेत अमिरातीची १२ लढाऊ विमानं होती. २०१४ मध्ये सीरियात आयसिसवर बॉम्ब टाकायला गेलेल्या एफ-१६ या अमेरिकी बनावटीच्या लढाऊ विमानांपैकी एक मरियम अल मन्सूरी ही महिला वैमानिक चालवत होती. त्यांचे सैनिक अफगाणिस्तानातही होते. पण ज्याला खरी जमिनीवरची लढाई म्हणतात ती येमेनमध्ये झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात एडन बंदर हूथी बंडखोरांकडून परत घेताना अमिरातीचे फ्रेंच बनावटीचे लेक्लेर्क रणगाडे समुद्रमार्गे तिथे उतरले. रणगाडे, इंधन, सुटे भाग, जखमींना परत आणायची सोय, हे सगळं घरापासून एवढं लांब, परक्या किनाऱ्यावर उभं करणं मोठमोठ्या फौजांनाही जड जातं.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. ४ सप्टेंबर २०१५ रोजी येमेनच्या मारिब प्रांतातल्या साफर इथल्या तळावर क्षेपणास्त्र पडलं आणि एका दिवसात ४५ अमिराती सैनिक गेले. आकडा लहान वाटतो? देशात राहणारे बहुतेक लोक परदेशी, मूळ नागरिक जेमतेम दहा लाखांच्या घरात. महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या हिशेबात हे एका दिवसात पाच हजार जवान गमावण्यासारखं. येमेनमध्ये जायला हवं होतं का, तिथे जे केलं ते योग्य होतं का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी त्यांची वकिली करणार नाही. पण ‘लढलेच नाहीत’ असं म्हणता येत नाही.

‘अमेरिका देईल ती खेळणी.’ एफ-१६ ची ब्लॉक ६० ही आवृत्तीच अमिरातीसाठी बनली. तिच्या विकासाला सुमारे तीन अब्ज डॉलर त्यांनी स्वतः घातले आणि ८० विमानं घेतली. विमानं आली तेव्हा त्यांच्यातलं रडार खुद्द अमेरिकी हवाई दलाच्या एफ-१६ पेक्षा पुढचं होतं. पुढे एफ-३५ या अमेरिकेच्या नव्या लढाऊ विमानाच्या अटींवरून घासाघीस लांबली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये फ्रान्सशी ८० राफेलचा करार झाला आणि त्याच महिन्यात एफ-३५ ची बोलणी थांबवली. शोकेस सजवणारा गिऱ्हाईक दुकानदाराला असा ताटकळत ठेवत नाही.

आणि शोकेसमधल्या वस्तूची परीक्षाही झाली. १७ जानेवारी २०२२ रोजी हूथींनी अबू धाबीवर हल्ला केला. थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा अमेरिकेबाहेर सर्वांत आधी अमिरातीने विकत घेतली होती. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच प्रत्यक्ष युद्धात बॅलिस्टिक (उंच जाऊन वरून कोसळणारं) क्षेपणास्त्र पाडलं. तरी अबू धाबीतल्या मुसफ्फामध्ये इंधनाचे टँकर पेटलेच. तिघे कामगार गेले, त्यात दोन भारतीय. उंचावरून येणारं अडवलं, जमिनीलगत उडत येणारं सुटलं. टीका करायचीच तर इथे करा.

आता ते अर्धं खरं वाक्य: ‘सैनिक भाड्याचे.’ कोलंबियन माजी सैनिकांची भरती झाली होती, ते २०११ पासून जगजाहीर आहे. त्यांच्या प्रेसिडेन्शियल गार्ड या खास लष्करी दलाची सूत्रं माइक हिंडमार्श या ऑस्ट्रेलियाच्या निवृत्त जनरलकडे होती, हेही खरं. येमेनमध्ये नंतर नंतर स्थानिक तरुणांना शिकवून पुढे करायचं, आपण मागून हवाई मारा आणि पैसा पुरवायचा, अशीच त्यांची रीत झाली. २०१६ मध्ये मुकल्ला शहर अल कायदाच्या हातून सुटलं ते असंच. तेवढ्यापुरत्या शेळ्या उंटावरून हाकल्या म्हणा. पण साफरला गेलेले ते ४५ जण अमिराती घरांतले होते. २०१४ पासून १८ ते ३० वयाच्या पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. बारावी झालेल्यांना ती आधी नऊ महिने होती, मग वर्षभर, मग २०१८ मध्ये सोळा महिने झाली. भाड्याच्या माणसांवरच काम भागत असतं तर घरातली पोरं बराकीत कोण पाठवेल?

त्यांची खरी अडचण माणसांची आहे. इतक्या थोड्या लोकांतून वैमानिक काढायचे, तंत्रज्ञ काढायचे आणि लांबलेलं युद्धही पेलायचं, हे गणित जमत नाही. २०१९ मध्ये येमेनमधून बरीचशी फौज मागे घेतली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

राहिला तो राफेलचा फोटो. जानेवारी २०२१ मध्ये आपली तीन राफेल फ्रान्सहून न थांबता भारतात आली, तेव्हा वाटेत हवेतल्या हवेत त्यांना इंधन पाजलं ते अमिरातीच्या हवाई दलाच्या टँकर विमानाने.